कबड्डीच्या मैदानावर कर्णबधिर प्रेक्षक: पडदा, दिवा आणि दुभाषी यांची जुळणी

कबड्डी हा डोळ्यांनी बघायचा खेळ आहे, मग कर्णबधिर प्रेक्षकाला वेगळं काय लागणार, असं बऱ्याच आयोजकांना वाटतं. त्यांनी एकच चढाई नीट बघावी. चढाईपटू आत जातो, बचावपटूंना हूल देतो, परत फिरतो. कोणी त्याला धरलेलं नाही, पाय रेषेबाहेर गेलेला नाही, तरी पंच त्याला बाद देतात. दम सुटलेला असतो. ऐकू येणाऱ्याला ते तिथल्या तिथे कळतं, कारण 'कबड्डी कबड्डी' तुटलेलं त्याने ऐकलेलं असतं आणि लगेच निवेदकही ते सांगतो. कर्णबधिर प्रेक्षकाला फक्त गुणफलकावरचा आकडा बदललेला दिसतो. तो का बदलला हे शेजाऱ्याला विचारेपर्यंत पुढची चढाई सुरू झालेली असते.

म्हणून सगळ्या तयारीचं माप एकच धरा: लाउडस्पीकरवरून जे सांगितलं जातं ते त्याच वेळी डोळ्यांना दिसलं पाहिजे. यंत्रं कोणती घ्यायची हा त्यानंतरचा प्रश्न.

पुढची मापं तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या, मॅटवर होणाऱ्या स्पर्धेसाठी आहेत. संध्याकाळचे सामने, लोखंडी गॅलरी, दोनेक हजार प्रेक्षक, भाड्याची एलईडी वॉल आणि जनरेटर, असं दृश्य समोर ठेवलं आहे. मैदान लहान असेल तर आकडे त्या प्रमाणात कमी करा.

आधी कोणासाठी ते ठरवा

'कर्णबधिर प्रेक्षक' या एका शब्दात तीन वेगळ्या गरजा आहेत. काहींची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे. मराठी त्यांनी शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकलेली असते, त्यामुळे भराभर सरकणारी लांबलचक वाक्यं त्यांना जड जातात. काहींना ऐकू येणं पुढच्या वयात कमी झालेलं असतं. त्यांना मराठी वाचायला काहीच अडचण नाही, पण सांकेतिक भाषा येत नाही. तिसरा गट श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट वापरणाऱ्यांचा. त्यांना आवाज हवा असतो, पण गोंगाटातून वेगळा काढलेला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक श्रवणदोष असलेले 'कर्णबधिर' आणि ६० ते ७० डेसिबलमधले 'कमी ऐकू येणारे' असा फरक केलेला आहे. नुसती मथळापट्टी (बोललेलं लिहून दाखवणारी पट्टी) लावली तर पहिला गट अर्धा सुटतो. नुसता दुभाषी उभा केला तर दुसरा गट पूर्ण सुटतो.

स्पर्धेच्या किमान तीन आठवडे आधी जिल्ह्यातल्या कर्णबधिरांच्या संघटनेला किंवा कर्णबधिर विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना भेटा आणि त्यांच्यातले दोघंतिघं आयोजन समितीत घ्या. शेवटच्या दिवशी पाहणीला बोलावून उपयोग नाही. पडदा कुठे लावायचा हे त्यांच्याइतकं अचूक दुसरं कोणी सांगू शकत नाही. बोलताना आणि छापताना 'मूकबधिर' हा शब्द टाळा. हे लोक मूक नाहीत, त्यांना भाषा आहे.

नोंदणीसाठी केवळ फोन नंबर देऊ नका. व्हॉट्सअॅपवर लिहून किंवा सांकेतिक भाषेतला व्हिडिओ पाठवून जागा राखता आली पाहिजे, आणि तो फोन ज्याच्याकडे आहे त्याने उलट फोन न करता लिहूनच उत्तर द्यायला हवं. दारावर आणि चौकशीच्या टेबलावर एका अँड्रॉइड फोनवर 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' सुरू ठेवा. मराठी चालतं. समोरासमोरच्या दोन वाक्यांच्या बोलण्याला ते पुरतं.

लाउडस्पीकरची यादी

मागच्या वर्षीच्या स्पर्धेचं चित्रीकरण असेल तर एक पूर्ण सामना ऐका आणि निवेदकाचं प्रत्येक वाक्य लिहून काढा. तीन ढीग पडतील.

पहिला खेळाचा: गुण कोणाला आणि का, बोनस, लोण (समोरचा अख्खा संघ बाद), अव्वल पकड (मॅटवर तीन किंवा कमी बचावपटू असताना केलेली पकड), तिसरी चढाई, राखीव खेळाडूची बदली, कार्ड, विश्रांती. दुसरा कार्यक्रमाचा: पाहुण्यांचं आगमन, देणगी, बक्षिसाची घोषणा, पुढचा सामना कोणाचा, राष्ट्रगीत, श्रद्धांजलीसाठी उभं राहणं. तिसरा कामाचा: अमुक नंबरची गाडी हलवा, लहान मूल सापडलं आहे, गॅलरीच्या कठड्यावर बसू नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाकडे दुर्लक्ष होतं. सगळं मैदान अचानक उभं राहतं आणि एका कोपऱ्यात पंधरा जण गोंधळून इकडेतिकडे बघत बसलेले असतात, हे दृश्य कोणत्याही आयोजकाला मान खाली घालायला लावणारं आहे. 'राष्ट्रगीत, कृपया उभे राहा' एवढी एक पाटी तयार असती तर ते टळलं असतं.

पडदा: जागा आणि मापं

कर्णबधिर प्रेक्षकांची जागा मॅटच्या लांब बाजूला, मध्यरेषेसमोर, पहिल्या पाचसहा रांगांत ठेवा. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८ मीटर. पडदा बरोबर समोरच्या बाजूला हवा, म्हणजे चढाई बघताना तो नजरेच्या वरच्या कडेला राहतो आणि मान वळवावी लागत नाही. पडदा बाजूला गेला की प्रत्येक ओळ वाचायला डोळे मॅटवरून हलवावे लागतात, आणि कबड्डीत पकड दोन सेकंदांत होऊन जाते. पडद्याची खालची कड जमिनीपासून अडीच ते तीन मीटर उंच ठेवा. तेवढी उंची नसेल तर गुणलेखकाच्या टेबलामागे उभे राहणारे कार्यकर्ते मथळे झाकतात.

अक्षराची उंची काढायचा ठोकताळा: सर्वांत लांबच्या प्रेक्षकाचं अंतर भागिले १२०. अंतर २५ मीटर असेल तर अक्षर सुमारे २१ सेंटिमीटर. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांना आणखी जागा लागते, म्हणून ओळीची एकूण उंची अक्षराच्या पावणेदोन पट धरा.

आता हे भाड्याच्या वॉलवर बसवून बघू. १२ बाय ८ फुटांची 'पी ४' वॉल म्हणजे दर ४ मिलिमीटरला एक ठिपका, म्हणजेच साधारण ९०० बाय ६०० ठिपके. २१ सेंटिमीटरचं अक्षर ५२ ठिपक्यांचं होतं, ओळ सुमारे ९० ठिपक्यांची, आणि दोन ओळींची पट्टी १८० ठिपक्यांची. तळाची १८० ठिपक्यांची पूर्ण रुंदीची पट्टी मथळ्यांना द्या. तिच्यात एका ओळीत वीसबावीस अक्षरं मावतात. उरलेल्या ४२० ठिपक्यांच्या उंचीत उजवीकडचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३०० ठिपके, दुभाष्याला. डावीकडे गुण, सामन्याचं घड्याळ आणि ३० सेकंदांचं चढाईचं घड्याळ. दुभाष्याची चौकट यात पडद्याच्या एक षष्ठांशापेक्षा मोठी होते. त्याहून लहान चौकटीत बोटांचे आकार आणि चेहऱ्यावरचे भाव कळत नाहीत, आणि सांकेतिक भाषेत प्रश्न आणि नकार चेहऱ्यावरच असतात.

लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओमध्ये (कॅमेरा, मजकूर आणि चित्रं एका पडद्यावर जुळवणारं सॉफ्टवेअर) कॅनव्हासचं माप वॉलच्या ठिपक्यांइतकंच ठेवा. १९२० बाय १०८० चं चित्र बनवून वॉलच्या प्रोसेसरला लहान करायला सांगितलं की मात्रा आणि अनुस्वार पुसट होतात, 'चढाई'तल्या 'ई'ची वरची खूण निघून जाते. अक्षरं जाड घ्या, 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी'चं सेमी-बोल्ड वजन. काळ्यावर पांढरं किंवा पिवळं. संध्याकाळी वॉलची चमक खूप खाली आणा, नाहीतर दुभाष्याचा चेहरा पांढराफटक दिसतो आणि प्रेक्षकांचे डोळे दुखतात.

एलईडी वॉल परवडत नाही म्हणून काही जण दुकानाच्या पाटीसारखा लाल सरकता बोर्ड आणतात. तो चालतो, पण दोन अटींवर. 'पी १०' चं एक मॉड्यूल ३२ बाय १६ ठिपक्यांचं असतं. १६ ठिपक्यांच्या उंचीत मात्रा, अक्षर आणि उकार तिन्ही बसत नाहीत, म्हणून दोन मॉड्यूल एकावर एक लावून ३२ ठिपके करा. दुसरी अट अशी की त्या बोर्डाच्या कंट्रोलरमध्ये मराठी टाइप करू नका. स्वस्त कंट्रोलरना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, 'अव्वल'चं 'अव्‌वल' होतं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. संगणकावर वाक्याचं चित्र बनवा आणि ते चित्र बोर्डाला पाठवा.

मथळे: तयार वाक्यं आधी, टायपिंग नंतर

निवेदकाचा माइक थेट आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडून मोकळं व्हायचा मोह होतो. गर्दीत ते दगा देतं. खेळाडूंची आडनावं चुकतात, लाउडस्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरतो, आणि 'लोणचे दोन गुण' असं वाक्य पडद्यावर आलं की वाचणाऱ्याला खाण्याचं लोणचं दिसतं. या चुका सर्वांत जास्त नेमक्या सामन्याच्या रंगात येण्याच्या क्षणी होतात, कारण तेव्हाच निवेदक ओरडत असतो.

कबड्डीत घडू शकणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. म्हणून वाक्यं आधीच तयार ठेवता येतात, आणि हा मार्ग सर्वांत भरवशाचा आहे. एका वेगळ्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंट घ्या. प्रत्येक स्लाइडवर एक घटना लिहा. डावीकडच्या संघासाठी १ ते ४०, उजवीकडच्या संघासाठी ४१ ते ८०, आणि पार्श्वभूमीला त्या त्या संघाच्या जर्सीचा रंग. स्लाइड शो सुरू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की ती स्लाइड समोर येते. ऑपरेटरसमोर क्रमांकांचा कागद चिकटवा. अर्ध्या सामन्यानंतर त्याला कागद बघावा लागत नाही. हे चित्र एचडीएमआय कॅप्चर कार्डातून ओबीएसमध्ये घ्या आणि तळाच्या पट्टीवर बसवा. स्लाइडचा आकारही पट्टीच्याच प्रमाणात, म्हणजे ९०० बाय १८० या गुणोत्तरात ठेवा.

वाक्यं अशी असावीत:

चढाईपटू बाद: दम सुटला
चढाईपटू बाद: निदान रेषा ओलांडली नाही
चढाईपटू बाद: ३० सेकंद संपले
बचावपटू बाद: पाय रेषेबाहेर
बोनस: +१
अव्वल पकड: +२
लोण: +२
तिसरी चढाई: गुण नाही तर बाद
पंचांची चर्चा सुरू

कारण नेहमी वाक्यात हवं. गुण फलकावर दिसतातच, त्यांची पुनरुक्ती करण्यापेक्षा 'का' सांगा. शेवटचं वाक्य क्षुल्लक वाटेल, पण खेळ थांबला आणि दोन मिनिटं काहीच कळत नाही, या वेळेला त्याची फार गरज असते.

पाहुणे, गाड्या, बक्षिसं यांच्यासाठी दुसरा ऑपरेटर मोकळं टायपिंग करील. ओबीएसमध्ये मराठी मजकूर दाखवायला 'ब्राउझर सोर्स' वापरा, म्हणजे एक साधं वेब पान. त्यात जोडाक्षरं नीट उमटतात. 'फ्रीटाइप' नावाच्या मजकूर स्रोतात ती तुटतात. एका वेळी दोनच ओळी, आणि प्रत्येक मजकूर किमान तीन सेकंद स्थिर. तो आडवा सरकवू नका, कारण सरकत्या ओळीवर नजर खिळवून ठेवावी लागते आणि तेवढ्यात मॅटवरची पकड निसटते.

मथळे फोनवरही देता येतात. दोन हजार माणसं जमली की मोबाइल नेटवर्क कोलमडतं, म्हणून इंटरनेटची वाट न बघता लॅपटॉप आणि एक राउटर एवढ्यावरच पान चालवा आणि क्यूआर कोड खुर्च्यांवर चिकटवा. इथे हमखास एक अडचण येते: वायफायला इंटरनेट नाही हे पाहून फोन आपोआप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि पान बंद पडतं. 'मोबाइल डेटा बंद करा' ही सूचना क्यूआर कोडच्या वर, ठळक छापा. तरीही फोन हा पडद्याला पर्याय धरू नका. फोनकडे बघायचं म्हणजे मॅटवरून नजर काढायची.

आणि एक काळजी. मैदानावरच्या पडद्याला यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणातून चित्र देऊ नका. ते बऱ्याच सेकंदांनी मागे असतं. कॅमेरा, ओबीएस, वॉल असा तारेचाच मार्ग ठेवा.

दुभाषी, आणि त्याहून चांगलं: कर्णबधिर निवेदक

प्रशिक्षित दुभाषी शोधताना भारतीय सांकेतिक भाषेतल्या दुभाषेपणाची पदविका आहे का ते विचारा. दिल्लीतलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही चौकशीची खात्रीची ठिकाणं. कर्णबधिर विद्यालयातल्या शिक्षकांना सांकेतिक भाषा येते म्हणून त्यांना सलग चार तास उभं करू नका. शिकवणं आणि चालू निवेदनाचं भाषांतर ही वेगळी कामं आहेत.

वीस-तीस मिनिटांनंतर दुभाष्याची अचूकता घसरते. पुरुषांच्या कबड्डीत एक डाव, म्हणजे अर्धा सामना, २० मिनिटांचा असतो, ही सोय आपल्याला आयती मिळाली आहे. एका डावाला एक, दुसऱ्या डावाला दुसरा, आणि जो मोकळा आहे तो शेजारी बसून सुटलेली नावं पुरवतो. संध्याकाळी चार सामने असतील तर तीन किंवा चार दुभाषी लागतील. दोघांत भागवलं तर तिसऱ्या सामन्यापासून नुकसान दिसू लागतं.

तीन दिवस आधी त्यांना संघांची यादी द्या, प्रत्येक संघाचे १२ खेळाडू, जर्सी क्रमांकांसह. समितीतले कर्णबधिर सदस्य आणि दुभाषी यांनी एकत्र बसून लोण, बोनस, अव्वल पकड, तिसरी चढाई यांच्या खुणा आणि मुख्य खेळाडूंची खूण-नावं ठरवावीत. सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात १० हजारांहून अधिक शब्द आहेत, पण गावच्या मैदानावरचं निवेदन शब्दकोशाला विचारून होत नाही. या खुणांचा तीन मिनिटांचा व्हिडिओ करून नोंदणी केलेल्यांना पाठवा.

दुभाष्याला आवाज लाउडस्पीकरमधून ऐकायला लावू नका. मिक्सरच्या ऑक्स आउटपुटमधून (आवाज वेगळा बाहेर काढायची जोडणी) इअरफोनला स्वच्छ आवाज द्या. उभं राहण्याची जागा गुणलेखकाच्या टेबलाजवळ, मॅट पूर्ण दिसेल अशी. कपडे एकरंगी, त्वचेच्या रंगाहून वेगळे. मागे गडद निळं किंवा हिरवं कापड. कॅमेऱ्याची चौकट डोक्याच्या वर एक वीत ते कमरेखालपर्यंत, आणि दोन्ही कोपरं पसरली तरी आत राहतील इतकी रुंद. मैदानाचे दिवे डोक्यावरून येतात आणि डोळ्यांखाली सावली पाडतात, म्हणून समोरून दोन्ही बाजूंनी एकेक मऊ दिवा लावा. कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी किंवा जास्त, शटर १/१००. शटर मंद ठेवलं तर वेगात फिरणारी बोटं धुरकट होतात. ते ५० हर्ट्झच्या विजेशी जुळतं नसेल तर चित्र लुकलुकतं.

आता मुद्द्याची गोष्ट. दुभाषी निवेदकाचं बोलणं भाषांतरित करतो, म्हणजे तो नेहमी दोन पावलं मागे असतो. खेळ मात्र सगळ्यांनाच दिसतोय. म्हणून कबड्डी जाणणारा कर्णबधिर तरुण किंवा तरुणी थेट कॅमेऱ्यासमोर उभी करा आणि तिला स्वतःच्या भाषेत निवेदन करू द्या. ऐकू येणारा दुभाषी तिच्यासमोर, कॅमेऱ्याच्या बाजूला बसून फक्त शिट्टी, दम आणि पंचांचा निर्णय एवढंच पुरवेल. या निवेदनात चव येते: चढाईपटूची हूल, कोपऱ्यातल्या बचावपटूची झेप हातांनी जशीच्या तशी उभी राहते. २०२४ च्या आयपीएलपासून टीव्हीवर क्रिकेटचं सांकेतिक भाषेतलं निवेदन सुरू झालं. कबड्डीला तर हे माध्यम त्याहून जवळचं आहे.

शिट्टीचा दिवा

डेफलिंपिक्समध्ये, म्हणजे १९२४ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धांमध्ये, धावण्याची सुरुवात दिव्याने होते: लाल म्हणजे जागेवर, पिवळा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे धावा. त्याच धर्तीवर प्रेक्षकांसाठी शिट्टीचा दिवा करता येतो.

शिट्टीचा आवाज ओळखून आपोआप लागणारा दिवा बनवू नका. आपल्याकडे पंचांपेक्षा जास्त शिट्ट्या गॅलरीत वाजतात. एक माणूस सरपंचांकडे (सामन्याच्या मुख्य पंचांकडे) बघत बटणावर बोट ठेवून बसवा. यंत्रापेक्षा तो कमी चुकतो.

सामान थोडं आहे: दाबलं की जोडणारं एक बटण, २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), एक टाइम-डिले रिले (ठरलेल्या वेळेनंतर आपोआप बंद होणारा स्विच) आणि २४ व्होल्टचे १० वॅटचे दोन पांढरे एलईडी दिवे. दिवे पडद्याच्या दोन्ही कडांना. एसएमपीएस आणि रिले पडद्यापाशीच बसवा आणि टेबलापर्यंत फक्त बटणाची बारीक तार आणा, कारण तिच्यातून रिलेच्या कॉइलपुरताच प्रवाह जातो. उलट केलं, म्हणजे दिव्यांचा पूर्ण प्रवाह ३० मीटर लांब नेला, की बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि दिवे मिणमिणतात. रिले दीड सेकंदावर लावा. दिवा स्थिर पेटला पाहिजे, लुकलुकता नको. लुकलुकता प्रकाश आपत्कालीन सूचनेसाठी राखून ठेवायचा आहे.

श्रवणयंत्रवाल्यांसाठी

इंडक्शन लूपमध्ये आसनांभोवती तार फिरवतात आणि श्रवणयंत्रातला 'टी-कॉइल' तिचं चुंबकीय क्षेत्र पकडून गोंगाटाशिवाय निवेदन ऐकवतो. आंतरराष्ट्रीय मानकात आवाजाच्या शिखराला ४०० मिलिअँपिअर प्रति मीटर एवढं क्षेत्र लागतं. त्यासाठी लूपचाच अँप्लिफायर हवा. साध्या अँप्लिफायरच्या स्पीकर टोकांना तार जोडली तर रोध जवळजवळ शून्य पडतो आणि अँप्लिफायर जळतो.

मात्र लोखंडी गॅलरीत लूप लावण्याचा खर्च करू नका. लोखंड ते क्षेत्र खाऊन टाकतं, उच्च स्वर आधी जातात आणि बोलणं कोंदट ऐकू येतं. जमिनीवर प्लास्टिकच्या खुर्च्यांचा स्वतंत्र चौकोन असेल तर लूप उत्तम चालतो, फक्त जनरेटरची केबल त्याच्या जवळून नेऊ नका, नाहीतर ५० हर्ट्झची घरघर सतत ऐकू येते. लोखंडी गॅलरीसाठी टूर गाइड वापरतात तसे वायरलेस रिसीव्हर आणि गळ्यात घालायचा नेक-लूप घ्या. टी-कॉइल सगळ्या यंत्रांत नसतो, लहान आकाराच्या नव्या यंत्रांत तर बऱ्याचदा नसतोच, म्हणून नोंदणी करतानाच विचारा आणि थोडे साधे हेडफोनही ठेवा. ब्लूटूथच्या नव्या 'ऑराकास्ट' पद्धतीत एकच प्रक्षेपण कितीही यंत्रांना पकडता येतं. कोणाकडे तशी यंत्रं असतील तर तो मार्ग सर्वांत सुटसुटीत.

मिक्सरमधून आवाज घेताना तो लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात थेट घालू नका. लाइनचा आवाज माइकला झेपत नाही, फाटतो. यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरा, आणि घरघर आली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

आपत्कालीन सूचना

यात काटकसर नको. चार पूर्ण-पडदा पाट्या आधी बनवून ओबीएसमध्ये एकेका कळीवर ठेवा: 'खेळ थांबला, जागेवर बसा', 'डाव्या दाराने बाहेर पडा' बाणासह, 'उजव्या दाराने बाहेर पडा' बाणासह, आणि 'धोका टळला'. कोणती पाटी कोणाच्या सांगण्यावरून लावायची ते एका माणसाच्या नावावर ठरवा.

त्यासोबत बॅटरीवर चालणारे लुकलुकते दिवे गॅलरीच्या दोन्ही टोकांना आणि शौचालयांत. वेग सेकंदाला एक, फार तर दोन झपके. तीनच्या वर गेला तर अपस्माराच्या रुग्णांना झटका येऊ शकतो, आणि एकाहून अधिक दिवे एकाच वेळी पण वेगवेगळ्या तालात लुकलुकले तर एकत्रित वेग तीनच्या पुढे जातो, म्हणून ते एकाच सर्किटवर ठेवा.

जनरेटर बंद पडला तर वॉल काळी होते, आणि गोंधळ नेमका तेव्हाच होतो. अंधारात ओठ दिसत नाहीत, हात दिसत नाहीत, फलकही दिसत नाहीत. लॅपटॉप, राउटर आणि दुभाष्यावरचा एक दिवा यूपीएसवर घ्या. शिवाय प्रत्येक विभागात सांकेतिक भाषा जाणणारा एक स्वयंसेवक बॅटरीसह. अशा वेळी त्याने बॅटरी स्वतःच्या हातांवर आणि चेहऱ्यावर धरायची, प्रेक्षकांच्या डोळ्यांत नाही. ही सवय आधी करून घ्यावी लागते.

कंप

एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेडने घरच्या मैदानावर टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात कर्णबधिर चाहत्यांना गर्दीचा आवाज स्पर्शात बदलणारे शर्ट दिले. आपल्याला एवढ्या दूर जायची गरज नाही. लाकडी फळ्यांचा एक बाक घ्या, फळीच्या खालून दर दोन मीटरला एक बास शेकर (आवाजाचा कंप करणारं यंत्र) बोल्टने पक्का आवळा, आणि मॅटखाली ठेवलेल्या पिएझो संपर्क-माइकचा आवाज सुमारे १२० हर्ट्झच्या वरचं सगळं गाळून त्याला द्या. पकडीचा धपका बसल्या जागी कळतो. शेकर सैल राहिला तर फळी खडखडते आणि कंप जाणवत नाही. पैसे उरले तरच हे करा. मथळे, दुभाषी आणि आपत्कालीन दिवे यांच्या आधी याचा क्रम लावू नये.

तालीम

आदल्या संध्याकाळी, सामन्याच्याच वेळेला, दिवे आणि जनरेटर सुरू करून स्थानिक मुलांचा दहा मिनिटांचा सामना खेळवा. दुपारी केलेल्या तालमीत वॉलची चमक आणि चेहऱ्यावरच्या सावल्या कळत नाहीत. पहिल्या रांगेत आणि शेवटच्या रांगेत समितीतला एकेक कर्णबधिर सदस्य बसवा. प्रत्येक चढाईनंतर त्यांनी कागदावर दोन गोष्टी लिहायच्या: गुण कोणाला मिळाला, आणि का मिळाला. हे कागद गुणलेखकाच्या पानाशी ताडून बघा. 'कोणाला' जुळतं पण 'का' चुकतं, तर वाक्यांची यादी अपुरी आहे. दोन्ही चुकतात आणि तेही फक्त मागच्या रांगेत, तर अक्षरं लहान आहेत. उत्तर बरोबर पण पुढची चढाई बघायची राहून गेली असं ते सांगत असतील, तर पडद्याची जागा चुकली आहे, आणि वॉल हलवायला अजून रात्र हातात आहे.